मनाली ते लेह दुचाकीने : खिंडींची उंची आणि मुक्कामाचे गणित

हिमाचल प्रदेशातील मनाली आणि लडाखमधील लेह यांना जोडणारा महामार्ग ही दुचाकीस्वारांची पंढरी मानली जाते. दरवर्षी जून ते सप्टेंबर या काळात देशभरातून हजारो दुचाकीस्वार या वाटेला लागतात. त्यात मुंबई-पुण्याकडील तरुणांचे प्रमाणही लक्षणीय असते. या प्रवासाची तयारी करताना बहुतेकांचे लक्ष दोन गोष्टींवर असते, गाडी कोणती आणि खिंडी किती उंच. वास्तविक या मार्गावर माणूस आजारी पडतो तो बहुधा खिंडीच्या माथ्यावर नव्हे, तर खिंडीनंतरच्या मुक्कामात. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे, हा या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. सुट्टीचे दिवस मोजून आखलेल्या वेळापत्रकात नेमका तोच दुर्लक्षित राहतो.

मार्गाची पार्श्वभूमी

कुलू आणि लाहौलमधून लडाखकडे जाणारी वाट जुनी आहे. व्यापारी, मेंढपाळ आणि यात्रेकरू शतकानुशतके तिचा वापर करीत आले. आधुनिक रस्त्याचे श्रेय मात्र लष्करी गरजेला द्यावे लागेल. सीमावर्ती भागांतील रस्ते बांधण्यासाठी १९६० मध्ये सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. हिमाचलच्या बाजूने 'दीपक' आणि लडाखच्या बाजूने १९८५ मध्ये सुरू झालेला 'हिमांक' हे या संघटनेचे प्रकल्प हा मार्ग सांभाळतात. लडाख पर्यटकांसाठी १९७४ मध्ये खुले झाले, तर मनाली-लेह मार्गावर नागरी वाहतुकीला १९८९ मध्ये परवानगी मिळाली.

१९९९ च्या कारगिल युद्धात श्रीनगर-लेह महामार्ग शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात आला. तेव्हापासून मनालीकडील पर्यायी मार्गाचे महत्त्व आणखी वाढले. रोहतांग खिंडीखालून बोगदा काढण्याचा निर्णय २००० मध्ये जाहीर झाला, २०१० मध्ये प्रत्यक्ष बोगद्याची पायाभरणी झाली आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा 'अटल बोगदा' वाहतुकीस खुला झाला. या बोगद्याने मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी केले. पूर्वी सुमारे ४७५ किलोमीटरचा असलेला हा मार्ग आता सुमारे ४३० किलोमीटरचा राहिला आहे.

बोगद्यामुळे रोहतांगची चढण, तिथला चिखल आणि तासन् तासांची वाहतूक कोंडी टळली. तथापि, या सोयीची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वी मनालीहून निघालेला दुचाकीस्वार रोहतांग ओलांडून केलाँगला पोहोचेपर्यंत दिवस मावळत असे आणि मुक्काम आपोआप तिथेच पडे. आता केलाँग दोन-अडीच तासांवर आले आहे. 'एवढ्या लवकर कशाला थांबायचे', असे म्हणत पुढे सरचूपर्यंत जाण्याचा मोह त्यामुळे होतो. रस्ता जलद झाला. विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीराला लागणारा वेळ मात्र पूर्वीइतकाच आहे.

खिंडींची मालिका

लडाखी आणि तिबेटी भाषेत 'ला' म्हणजेच खिंड. मनालीहून बोगद्यातून बाहेर पडल्यावर दुचाकीस्वार लाहौल खोऱ्यात येतो. सिस्सूमार्गे तांडी हे गाव लागते. इथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. संगमानंतरचा प्रवाह चंद्रभागा म्हणून ओळखला जातो आणि तीच पुढे चिनाब होते. पंढरपूरच्या चंद्रभागेशी तिचा भौगोलिक संबंध नसला, तरी मराठी प्रवाशाची पावले या नावापाशी क्षणभर थबकतात.

केलाँग आणि जिस्पा ही गावे मागे टाकून दारचानंतर खऱ्या अर्थाने चढण सुरू होते. पहिली मोठी खिंड बारालाचा ला. भागा नदीचा उगम असलेला सूरज ताल हा तलाव खिंडीच्या अलीकडेच आहे. खिंड उतरल्यावर सरचूचे विस्तीर्ण पठार लागते. हिमाचल आणि लडाखची हद्द इथेच आहे. सरचूच्या पुढे 'गाटा लूप्स' या नावाने प्रसिद्ध असलेली २१ वळणे चढून रस्ता नकी ला गाठतो, थोडा उतरतो आणि पुन्हा लाचुलुंग ला चढतो. तिथून दऱ्यांतून वाट काढीत पांग येते. पांगनंतरचे मोरे मैदान सुमारे ४० किलोमीटर लांबीचे आहे. पश्मिना देणाऱ्या शेळ्या पाळणाऱ्या चांगपा या भटक्या समाजाच्या चराईच्या जागा या परिसरात आहेत. मैदान संपताच या मार्गावरील सर्वोच्च खिंड, तांगलांग ला, समोर उभी राहते. ती उतरल्यावर रुम्त्से, उपशी येथे सिंधू नदी आणि कारूमार्गे लेह.

चौकट : मार्गावरील उंची (समुद्रसपाटीपासून, मीटरमध्ये)

मनाली : सुमारे २,०५०
केलाँग : सुमारे ३,०८०
जिस्पा : सुमारे ३,२००
बारालाचा ला : ४,८९०
सरचू : सुमारे ४,२९०
नकी ला : सुमारे ४,७४०
लाचुलुंग ला : ५,०६५
पांग : सुमारे ४,६००
तांगलांग ला : ५,३२८
लेह : सुमारे ३,५००

(तुलनेसाठी : महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर)

या आकड्यांकडे नीट पाहिल्यास मार्गाचे स्वरूप स्पष्ट होते. जिस्पा आणि लेह ही दोन्ही ठिकाणे साधारण सारख्या उंचीवर आहेत. त्यांच्यामधला सुमारे ३३५ किलोमीटरचा टप्पा मात्र बहुतांशी चार हजार मीटरच्या वर राहतो. सरचू आणि पांग ही मुक्कामाची ठिकाणे त्या टप्प्याच्या पोटात आहेत. त्यांच्या मागेही खिंड आहे आणि पुढेही. उंचीवरील आजारावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तातडीने खाली उतरणे. सरचूच्या तंबूत मध्यरात्री एखाद्याची प्रकृती बिघडली, तर त्याला खाली नेण्यासाठी आधी बारालाचा ला चढावी लागते. पांगहून लेहकडे निघाल्यास तांगलांग ला ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. या मार्गाचा मुख्य धोका त्याच्या या रचनेतच आहे.

विरळ हवा शरीरावर काय परिणाम करते?

उंचावर हवेत प्राणवायू कमी असतो, असे सर्रास म्हटले जाते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण कोणत्याही उंचीवर सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेह येथे हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के, सरचूला सुमारे ५८ ते ५९ टक्के आणि तांगलांग ला येथे जेमतेम निम्मा असतो. परिणामी प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. श्वासाची गती वाढवून, मूत्रावाटे क्षार बाहेर टाकून आणि कालांतराने रक्तातील तांबड्या पेशी वाढवून शरीर या स्थितीशी जुळवून घेते. त्यासाठी काही दिवसांचा अवधी लागतो.

हा अवधी न दिल्यास डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा, झोप न लागणे ही लक्षणे दिसू लागतात. साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर हा त्रास संभवतो. दुखणे वाढल्यास दोन गंभीर अवस्था उद्भवू शकतात. पहिलीत फुप्फुसांत पाणी साठते. बसल्या जागी धाप लागणे, कोरडा खोकला, ओठ-नखे निळसर होणे आणि पुढे गुलाबी फेसाळ थुंकी ही तिची चिन्हे होत. नव्या उंचीवरील दुसऱ्या रात्री ही अवस्था विशेषत्वाने आढळते. दुसऱ्या अवस्थेत मेंदूला सूज येते. बोलण्यात असंबद्धता येते आणि तोल जाऊ लागतो. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता न येणे ही तिची सोपी चाचणी मानली जाते. वेळेवर उपचार न झाल्यास दोन्ही अवस्था काही तासांतच प्राणघातक ठरू शकतात.

या विषयाच्या अभ्यासात भारतीय लष्करी डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातील सैनिकांना घाईने अतिउंच भागात पोहोचवावे लागले. त्यानंतर हिमालयातील १,९२५ सैनिकांच्या आजाराची निरीक्षणे इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केली. हा निबंध आजही या क्षेत्रातील पायाभूत लेखनात गणला जातो. हे सर्व धडधाकट, कवायती शरीराचे जवान होते, ही बाब महत्त्वाची आहे. व्यायामशाळेतील मेहनत, सह्याद्रीतील ट्रेक किंवा तरुण वय यांपैकी काहीही विरळ हवेपासून संरक्षण देत नाही. किंबहुना आपल्या ताकदीवर विश्वास असलेला माणूस लक्षणे लपवून पुढे जात राहण्याची शक्यता अधिक.

दुचाकीस्वाराच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्याच्याकडे प्रत्येक लक्षणासाठी दुसरे कारण तयार असते. डोके दुखले तर हेल्मेट घट्ट आहे, उलटी झाली तर ढाब्यावरचे जेवण बाधले, अंग मोडून आले तर रस्ता खराब होता, झोप लागली नाही तर तंबूत थंडी होती! डॉक्टरांचा नियम याच्या नेमका उलट आहे. उंचीवर गेल्यानंतर जाणवणारा कोणताही त्रास, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, उंचीचाच समजावा. प्राणवायूच्या कमतरतेने निर्णयशक्ती आणि हालचालींतील अचूकता मंदावते. चारचाकीतील प्रवासी अशा वेळी मागच्या आसनावर पडून राहू शकतो. दुचाकीस्वाराला त्याच अवस्थेत दरीच्या कडेने तोल सांभाळावा लागतो.

मुक्कामाचे गणित

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. दिवसा कितीही उंच जाऊन आले तरी रात्री खाली उतरून झोपावे, हे गिर्यारोहकांचे जुने सूत्र त्यावरच आधारलेले आहे. मनालीहून सकाळी निघून रात्री सरचूला मुक्काम केल्यास झोपण्याची उंची एका दिवसात २,२०० मीटरहून अधिक वाढते. प्रवासी कंपन्यांच्या अनेक कार्यक्रमांत हाच टप्पा असतो, हे दुर्दैवाने खरे आहे.

यावर दोन पर्याय आहेत. पहिला, प्रवासाची दिशा बदलणे. श्रीनगर (सुमारे १,५८५ मीटर) येथून सोनमर्ग, कारगिलमार्गे लेहला गेल्यास वाटेत जोझी ला (सुमारे ३,५३० मीटर), नमिका ला (सुमारे ३,७०० मीटर) आणि फोटू ला (४,१०८ मीटर) या तुलनेने कमी उंचीच्या खिंडी लागतात. कारगिलचा मुक्काम तर २,७०० मीटरच्याही खाली होतो. या मार्गाने लेहला पोहोचून आठवडाभर लडाख पाहावे आणि परतताना मनालीचा मार्ग धरावा. तोवर शरीर सरावलेले असते. जानेवारी २०२५ मध्ये खुल्या झालेल्या सोनमर्ग बोगद्यामुळे या बाजूची वाटही सुकर झाली आहे.

दुसरा पर्याय मनालीहूनच जाणाऱ्यांसाठी. मनालीत एक पूर्ण दिवस, त्यानंतर केलाँग किंवा जिस्पा येथे दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून दारचाच्या पुढे थोडे वर जाऊन परत यावे. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून, सरचू आणि पांग येथे मुक्काम न करता, लेह गाठावे. हा दिवस दहा-बारा तासांचा आणि दमवणारा असतो. मात्र रात्र पुन्हा ३,५०० मीटरवर जाते. इतका लांब पल्ला झेपणारा नसल्यास सरचूला थांबावे, पण जिस्पा येथील दोन रात्री टाळू नयेत. कोणालाही त्रास सुरू असताना जिस्पा सोडू नये. तिथून माघारी फिरणे सोपे आहे. पुढून तितके सोपे राहत नाही.

मुंबई किंवा पुण्याहून विमानाने थेट लेहला उतरून तिथे दुचाकी भाड्याने घेणाऱ्यांनी पहिले दोन दिवस गाडीला हातही लावू नये. नुब्रा खोरे आणि पँगाँग सरोवर यांचा क्रम ठरवतानाही उंची पाहावी. खारदुंग ला उंच असली तरी नुब्रामधील हुंडर लेहपेक्षा खाली आहे. पँगाँगचा काठ मात्र सुमारे ४,२५० मीटरवर आहे. म्हणून नुब्रा आधी आणि पँगाँग नंतर, हाच क्रम योग्य. खिंडीच्या माथ्यावर छायाचित्रांपुरते पंधरा-वीस मिनिटे थांबावे.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजेच 'डायमॉक्स' या प्रचलित नावाचे औषध प्रतिबंधासाठी वापरले जाते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार किंवा गर्भावस्था असल्यास तर ही बाब अनिवार्य आहे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात. प्राणवायूचे छोटे डबे तात्पुरता दिलासा देतात, उतरण्याला ते पर्याय नव्हेत. गंभीर प्रसंगी जवळच्या लष्करी चौकीकडे मदत मागावी; लेहमध्ये सोनम नोरबू स्मृती रुग्णालयात अशा रुग्णांवर उपचार होतात.

गाडीलाही धाप लागते

इंजिनही हवेवरच चालते. पाच हजार मीटरवर सिलिंडरमध्ये जाणारी हवा मैदानी भागाच्या जवळपास निम्मी असते आणि ताकदही त्याच मानाने घटते. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचे प्रमाण हवेच्या तुलनेत जास्त होऊन प्लगवर काजळी धरते, गाडी अडखळते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा निकषांनंतरच्या इंधन इंजेक्शनच्या गाड्या हवेचा दाब मोजून पेट्रोलचे प्रमाण स्वतःच बदलतात. गमावलेली ताकद मात्र तंत्रज्ञानालाही परत आणता येत नाही. मागे माणूस आणि वर सामान असताना गाटा लूप्स चढायच्या असतील तर पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच भिस्त ठेवावी. अर्धा क्लच दाबून गाडी रेटल्यास क्लच प्लेटा जळतात. उतारावर गाडी न्यूट्रल न करता चढणीच्याच गिअरमध्ये उतरवावी.

तांडी येथील पेट्रोल पंपावरील, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा फलक दुचाकीस्वारांमध्ये प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात लेहच्या सुमारे ३५ किलोमीटर अलीकडे कारू येथे पंप आहे. तरीही मधले अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. तेरा लिटरची टाकी आणि चढणीवर लिटरला पंचवीस किलोमीटर असा हिशेब धरला, तर ती जेमतेम तेवढीच पुरते. म्हणून पाच लिटर पेट्रोल जवळ बाळगावे. उंचीवर हवा प्रसरण पावत असल्याने डबा काठोकाठ भरू नये आणि उघडताना झाकण हळूहळू सैल करावे. क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबल, ट्यूब, पंक्चरचे साहित्य, प्लग, फ्यूज, साखळीची जोडकडी ही सामग्री सोबत हवी, तसेच ती बसवण्याचा सरावही घरूनच करून निघावे.

नाले, हिमवृष्टी आणि पूर

रस्त्यावरून वाहणारे नाले हे या मार्गाचे वैशिष्ट्य. त्यांचे पाणी वितळत्या बर्फाचे असते. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळणे मंदावते, त्यामुळे सकाळी जो नाला घोट्याएवढा असतो तो दुपारनंतर गुडघ्यापर्यंत चढतो. पहाटे निघण्याचा आग्रह धरला जातो तो यासाठीच. नाला ओलांडण्यापूर्वी एखादे वाहन कुठून जाते ते पाहावे, पहिल्या गिअरमध्ये सारख्या गतीने गाडी काढावी आणि पाण्यात मध्येच थांबू नये. भिजलेले बूट-मोजे त्वरित बदलावेत.

हवामानाचा भरवसा धरता येत नाही. लडाख पर्जन्यछायेचा प्रदेश असूनही ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात ढगफुटीने मोठी जीवितहानी झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये अकाली हिमवृष्टीने लाहौल-स्पितीत शेकडो प्रवासी अडकले. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने कुलू-मनाली परिसरातील रस्ते वाहून गेले. अशा वेळी परतीचे रेल्वे किंवा विमान तिकीट चुकू नये म्हणून केलेली घाई अंगाशी येते. वेळापत्रकात किमान दोन दिवस राखीव ठेवणे, हाच यावर व्यवहार्य तोडगा होय.

कागदपत्रे आणि काही नियम

परवाना, नोंदणी पुस्तिका, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. गाडी दुसऱ्याच्या नावावर असल्यास मालकाचे संमतिपत्र घ्यावे. महाराष्ट्रातून गाडी रेल्वेने दिल्ली किंवा चंडीगडला पाठवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. अटल बोगद्यातून जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. रोहतांग खिंडीवर जाण्यासाठी मात्र राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार वाहनसंख्येवर मर्यादा असून परवाना घ्यावा लागतो. लडाखमधील सीमावर्ती भागांसाठीचे नियम आणि शुल्क वेळोवेळी बदलत असल्याने प्रशासनाच्या संकेतस्थळावर ते तपासूनच निघावे. बाहेरून भाड्याने आणलेल्या दुचाकी लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँगकडे नेण्यास स्थानिक संघटनांचा विरोध असतो, हेही लक्षात ठेवावे. मोबाइलसाठी पोस्टपेड जोडणी अधिक भरवशाची ठरते. जिस्पा ते लेह दरम्यान बराच काळ संपर्क राहणार नाही, याची कल्पना घरच्यांना आधीच द्यावी.

'सर्वांत उंच' रस्ता कोणता?

खारदुंग ला येथील फलकावर अनेक वर्षे १८,३८० फूट अशी उंची मिरवत होती. प्रत्यक्ष मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरते. म्हणजेच ती तांगलांग लापेक्षा जेमतेम शंभर फूट उंच आहे. २०२१ मध्ये पूर्व लडाखमधील उमलिंग ला येथील १९,०२४ फुटांवरील रस्त्याची गिनेस बुकात सर्वाधिक उंचीचा रस्ता म्हणून नोंद झाली. त्यापेक्षाही उंच रस्ते बांधण्याचे काम सीमा रस्ते संघटनेने पुढे चालूच ठेवले आहे. विक्रमाचा मान असा एका खिंडीकडून दुसरीकडे जात राहील.

मनाली-लेह मार्गासाठी दहा दिवसांची रजा पुरते, असे मानले जाते. शरीराला लागणारे दिवस, हवामानासाठीचे राखीव दिवस आणि परतीचा प्रवास यांची बेरीज केल्यास ती चौदा-पंधरा दिवसांवर जाते. एवढी रजा मिळत नसेल, तर लेहचा आग्रह सोडून केलाँग-जिस्पापर्यंत जाऊन परतणे, किंवा विमानाने लेह गाठून केवळ नुब्रा पाहणे, हा शहाणपणाचा मार्ग. खिंडी पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहेत.